डंगरीची डावी बाही

परवा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा दुकानात आला आणि त्याने माझ्यापुढे जीन्सची पँट टाकली. चेन गेली होती. मी पँट उलटीपालटी करून पाहिली, तर गुडघ्यावर चांगली वीतभर चीर. हात सवयीने सुईकडे गेला तसा तो घाईघाईने म्हणाला, "ताई, ते फाटलेलं शिवू नका हां. ते तसंच विकत घेतलंय."

मी म्हटलं, "बाबा रे, मुद्दाम फाटकं घेतलंस? आई काय बोलली न्हाई?"

"लई बोलली. पण फॅशन आहे, ताई."

दुकानातल्या बायका हसल्या, मीही हसले. त्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि पँट मांडीवर घेऊन बसले. बसले ती बसलेच. मंचरच्या पेठेत सुई धरून माझं अर्धं आयुष्य गेलं. एवढ्या वर्षांत 'हे शिवू नको' असं मला कुणी म्हटलं नव्हतं. एकाच माणसाने म्हणायला हवं होतं, पण ते राहून गेलं, आणि मी शिवून मोकळी झाले.

नव्वदीची सुरुवात होती. मी एकोणीस-वीस वर्षांची. आमचं घर अवसरी बुद्रुकला आणि वडिलांचं, म्हणजे आबांचं, मशीन मंचरला एका मारवाडी शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर. शेठच्या घराण्याला इथं तीन पिढ्या झालेल्या, बोलणं आमच्यासारखंच. तो ओटा आता रस्त्यात गेला. पण डोळे मिटले की आधी वास येतो. नव्या कापडाच्या खळीचा, मशीनच्या तेलाचा, शेठच्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा, आणि बाजारच्या दिवशी या सगळ्यावर चढून बसलेला कोथिंबिरीचा. मग आवाज येतो. शेठ थानाला कात्रीने एक खाच द्यायचे आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडायचे. सुताला सूत धरून सरळ फाटायचं ते. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले. आता सगळं तयार कपड्यांचं झालंय, आणि तो आवाज ऐकून मला किती वर्षं झाली ते आठवत नाही.

आमच्या घराचा एक नियम होता. तो आजोबांनी घातलेला. आजोबांच्या लहानपणी त्यांच्या अंगाला अख्खं कापड कधी लागलं नाही. गावाने टाकलेलं, मेलेल्या माणसाच्या अंगावरून उतरलेलं, तेच वाट्याला यायचं. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी घरातली सगळी लक्तरं गोळा करून ओढ्याकाठी जाळली. आजी म्हणायची, त्या दिवशी घरात नेसायला दोनच लुगडी उरली होती, पण दोन्ही धडकी, कुठं न फाटलेली. तेव्हापासून आजोबांचं एकच म्हणणं होतं, "आपल्या अंगाव फाटकं चढणार न्हाई, आन् आपल्या हातातनं फाटकं कुणाकडं जाणार न्हाई." आबा शिंपीकाम शिकले ते त्यापायी. गिऱ्हाईक नुसतं बटण लावायला आलं तरी आबा सदरा झटकून उजेडात धरायचे, आणि कुठं उसवलेलं दिसलं की न सांगता दोन टाके घालून द्यायचे.

आबांना रफू मात्र येत नव्हता. तो मी जुन्नरला शिकले. तिथं एका बोळात एक म्हातारे रफूवाले चाचा बसायचे, जाड भिंगाचा चष्मा लावून. दोन वर्षं मी एसटीने त्यांच्याकडे जात होते. त्या बोळात कायम ओल्या भिंतीचा आणि चहाच्या आल्याचा वास असायचा. पहिले चार महिने चाचांनी माझ्या हातात सुईच दिली नाही. फाटका कपडा पुढे टाकायचे आणि म्हणायचे, "बेटी, सुई मागनं. आधी बघ, कशानं फाटलं." खिळ्याला अडकलेलं वेगळं, उंदराने कुरतडलेलं वेगळं, जुनं होऊन विरलेलं वेगळं. ओढाताणीत फाटलं असेल तर कोण कुणीकडे ओढत होतं, तेही उभ्या-आडव्या धाग्यांवरून कळतं. मग कपड्याच्याच दुमडीतला धागा उपसून काढायचा आणि त्याच धाग्याने विणत विणत जखम बुजवायची. चाचा गेले तेव्हा मला कळायलाही महिना लागला. त्यांच्या जागेवर आता मोबाइलचं रिचार्ज मिळतं.

मी रफू शिकून आले त्याच सुमाराला साहेब आमच्याकडे आले. निरगुडसरचे साहेब म्हटलं की पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतंच. नौदलात विमान चालवायचे. जहाजावरून उडणारं विमान, पोटाला पाणतीर बांधलेलं. पाणतीर म्हणजे पाण्याखालून जाऊन बोटीला भिडणारा बाण, हे आम्हाला शाळेत गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत साहेबांना वीरचक्र मिळालं. नोकरी संपवून ते गावी आले, कालव्याच्या पाण्यावर ऊस-बटाटा करू लागले. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात पहिला फेटा त्यांना. कर्ण्यावरून गर्जना व्हायची, "समिंद्राच्या पोटात दुश्मन गाडणारे आपले साहेब!" आणि भंडारा उधळला जायचा. साहेब मान खाली घालून फेटा बांधून घ्यायचे. गर्दीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो सोडलेला असायचा. नीट घडी करून हातावर घ्यायचे. आम्हाला वाटायचं, केवढा साधा माणूस.

एक दिवस ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊन ओट्यावर आले. आबा लग्नाच्या मापांसाठी शेवाळवाडीला गेले होते, मी एकटीच होते. साहेबांनी कागद उलगडला. आत विमान चालवताना घालायची डंगरी होती. सदरा आणि पँट एकातच शिवलेली, रंगाने विटलेली, राखाडी. डांबरगोळ्यांचा वास, त्याखाली तेलाचा, आणि अगदी खाली काहीतरी खारट.

"हिच्या मापाची एक पिशवी शिवून ठेव पोरी. बंदाची," ते म्हणाले. "चार दिवसांनी पाहुण्या यायच्यात. त्यांना दाखवायचीय."

एवढंच बोलले आणि गेले.

मी माप घ्यायला डंगरी पसरली, आणि डावी बाही दिसली. मनगटाजवळून कोपराकडे लांबलचक फाटलेली. चिरेच्या बुडाशी कापड चार ठिकाणी विरून जाळी झालेलं, ओळीने. माझ्या मनात काय आलं असेल? पाहुण्यांना दाखवायचीय म्हणाले, आणि बाही अशी. एवढा मोठा माणूस, त्याची चीजवस्तू आमच्या हातातून फाटकी जाणार? आजोबा असते तर जेवले नसते. मी पायाच्या दुमडीतून धागे उपसले आणि दोन दिवस मान वर केली नाही. पिशवी मागे पडली, ती शेवटच्या रात्री शिवली. चीर भरली, त्या चार जाळ्याही भरल्या. असा रफू मी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही मला तसा जमला नाही. आबांनी उजेडात धरून पाहिलं आणि नुसती माझ्या डोक्यावर टपली मारली. त्यांची शाबासकी तेवढीच असायची.

साहेब आले तेव्हा मी फुशारकीत होते. डंगरी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "साहेब, बाही कुठं फाटली व्हती ते हुडकून दाखवा."

त्यांनी बाही हातात घेतली. अंगठा मनगटापासून कोपरापर्यंत फिरवला, परत खाली आणला. पुन्हा फिरवला. मग ते ओट्याच्या कडेला बसले, उन्हातच. मला वाटलं, गहिवरले. मी आणखी बोलले. आज ती जीभ छाटून टाकावीशी वाटते. म्हटलं, "मी आधी वाचली व्हती चीर. आमच्या चाचांनी शिकवलंय. कुणीतरी मनगटापाशी घट्ट धरलेलं. त्या चार बोटांच्या जागा. पण धरणाऱ्यानं न्हाई फाडलं साहेब. मूठ हाय तिथंच ऱ्हायली आन् चीर वर गेली. हात तुमीच ओढून घेतलाय."

मशीन चालवणारे आबा थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी शेवटी नावाने हाक मारावी तसं काहीतरी होतं.

"वीस वर्षांत हे कुणाला कळलं नाही," ते म्हणाले. "सरकारलाही नाही."

मग त्यांनी सांगितलं, आबांना आणि मला, शेठच्या ओट्यावर बसून. विमान समुद्रात पडलं तेव्हा तिघं होते. साहेब, वायरलेसवरचा एक पोरगेला जवान, आणि मागच्या सीटवरचा विनायक. जवानाचे दोन्ही पाय मोडलेले. विनायकचं हवेचं जॅकेट फुटलेलं. साहेबांच्या उजव्या हाताला जवान, डाव्या हाताला विनायक. सकाळपासून दुपारपर्यंत.

"दुपारी तिघंही खाली जायला लागलो," साहेब म्हणाले. "विनायक काही बोलला नाही. नुसता धरून होता. मी हात ओढून घेतला. ते पोरगं जगलं, आणि मला पदक मिळालं."

विनायकची एक मोठी बहीण होती, शालिनीताई. मुरूडजवळच्या खेड्यात शिक्षिका. साहेबांनी तेव्हा तिला कळवलं होतं की, विनायक विमान पडताक्षणी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. वीस वर्षं ते घर त्या वाक्यावर उभं होतं. आता त्यांची आई वारली आणि ताईंचं पत्र आलं, तुमच्याकडे त्याची काही खूण असेल तर येऊन पाहते. साहेबांनी ठरवलं, या खेपेला खरं सांगायचं. तोंडाने जमेल असं वाटेना, म्हणून बाही दाखवायची. पुढचं बाही बोलेल.

"तू शिवलंस ते पाहिलं," ते मला म्हणाले, "तेव्हा घडीभर वाटलं, सुटलो. आता दाखवायला काही उरलंच नाही." मग बाही माझ्यापुढे सरकवली. "पोरी, उसवता येईल का गं?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी आयुष्यात कुणाचा धडका कपडा फाडला नव्हता. ते म्हणाले, "जा त्यांच्यासंगं. तूच घातलेत टाके, तूच काढ."

निरगुडसरला साहेबांच्या पडवीत बसून मी तो रफू उसवला. कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता, आणि आत काकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, पाहुण्यांसाठी पुरण वाटत होत्या. वेलदोड्याचा वास आला की अजून माझ्या बोटांना घाम येतो. एकेक धागा सुईच्या टोकाने उचलून काढला. चीर पुन्हा उघडली, पण मूळची नव्हे. कडा सैल झाल्या, दोरे सुटले. फक्त त्या चार जाळ्या तशाच्या तशा परत आल्या.

दुसऱ्या दिवशी शालिनीताई आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, केस पिकलेले. साहेबांनी मला थांबवून घेतलं होतं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी ताईंच्या मांडीवर डंगरी ठेवली, बाही वर करून, आणि सगळं सांगितलं. बाहीने काही बोलायची वेळ आलीच नाही. ते स्वतःच बोलले, खाली मान घालून, अडखळत.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे सकाळी तो होता?"

"होता."

"दुपारपर्यंत?"

"दुपारपर्यंत."

"त्याला काही कळलं नाही, एवढ्यावर आमची आई वीस वर्षं झोपली, साहेब." मग त्यांनी आपली चार बोटं त्या चार जागांवर ठेवली. ताईंची बोटं लहान होती, जागा मोठ्या. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. काकू दारात पुरणाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच माघारी गेल्या.

"बाही मला द्या," ताई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांद्याची शिवण कापली. मी कात्री चालवताना ताईंनी दुसऱ्या बाजूने कापड धरलं. मी शिवलेल्या बंदाच्या पिशवीत नुसती एक बाही गेली. जेवायला त्या थांबल्या नाहीत. साहेब एसटी थांब्यापर्यंत त्यांच्यामागे चालत गेले, दहा पावलं अंतर ठेवून.

त्यानंतर एका बाहीची डंगरी साहेबांच्या पडवीत खुंटीला लटकत राहिली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उंदरानं नेली." यात्रेचा फेटा त्यांनी बंद केला. लोक म्हणाले, साहेबांना गर्व झाला. मी कुणाला काय सांगणार? दर वर्षी विनायक गेला त्या दिवशी ते ताईंना एक कार्ड टाकायचे आणि मग रोज अकराच्या ठोक्याला स्वतः पोस्टात जाऊन उभे राहायचे. पोस्टमन घरी येतोच की, काकू कुरकुरायच्या. साहेब ऐकायचे नाहीत. उत्तर कधी आलं नाही. मंचरला आले की माझ्या मशीनपाशी थांबायचे आणि म्हणायचे, "काय वाचतेस आजकाल?" मी हातात असेल तो कपडा दाखवायची. त्या सगळ्या वर्षांत आमचं एवढंच बोलणं झालं. आबा गेले, शेठचा ओटा गेला, कापड फाडल्याचा आवाज गेला. मी बसस्थानकामागे हे दुकान घेतलं. साहेब तिथंही यायचे, काठी टेकत.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. दहाव्याला नदीवर ही गर्दी. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, तशी झाली. एक पुढारी म्हणाले, साहेबांनी एकट्याने तीन बोटी बुडवल्या. दुसऱ्यांनी पाच सांगितल्या. मी बायकांत बसून ऐकत होते आणि मला त्या माणसाचं अंगठ्याने बाही चाचपणं दिसत होतं.

नदीवरून घरी आलो तर अंगणात नवीन पोस्टमन उभा. त्या भागात त्याला आठवडाच झालेला. मांडव पाहून बिचारा गोंधळला. "साहेब हायत का?" त्याने विचारलं. "रजिस्टर पार्सल हाय. त्यांची सही लागंल."

काकू पुढे झाल्या आणि त्यांनी सही केली. पार्सल मुरूडकडचं होतं. ते त्यांनी माझ्याच हातात दिलं, म्हणाल्या, "तू फोड गं बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं."

आत माझ्या हातची ती बंदाची पिशवी होती. पिशवीत डावी बाही. चीर शिवलेली होती. घरातल्या साध्या पांढऱ्या दोऱ्याने, दोरा दुहेरी घेऊन, गोधडीला घालतात तसे मोठे मोठे धावदोरे. गाठी वरच राहिलेल्या. शेवटी शेवटी टाके वाकडे होत गेलेले, वय झाल्यावर बोटं ऐकत नाहीत तसे. चार जाळ्यांना मात्र सुई लावलेली नव्हती. त्या मोकळ्याच ठेवल्या होत्या. सोबत शाळेच्या वहीचा अर्धा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'बाही शिवली आहे. इतकी वर्षे जमले नाही. आता डंगरीला जोडून घ्यावी, आणि थंडीत घालत जावे.'

काकूंनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "दहा दिवस आधी आलं आसतं गं. फकस्त दहा दिवस. रोज जायाचं बग माणूस पोस्टात."

मी त्यांच्या पडवीत बसून बाही जोडली. त्याच जागी, जिथं एकदा उसवलं आणि एकदा कापलं. काकू शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "एवढं तू नीट करून दे की. तुझ्या हाताला कसब हाय."

"न्हाई काकू," मी म्हटलं. "ह्याला मी हात लावायची न्हाई."

काल तो कॉलेजचा मुलगा पँट न्यायला आला. चेन ओढून पाहिली, मग गुडघा पाहिला, फाटलेलं तसंच आहे ना म्हणून. जाताना म्हणाला, "थँक्यू ताई. मला वाटलं तुम्ही शिवूनच ठेवाल."

मी म्हटलं, "आता मी आधी इचारते."